आधी वही, मग सेन्सर: लहान वर्कशॉपमध्ये ऑटोमेशन कुठून सुरू करायचं

मागच्या महिन्यात शेजारच्या शेडमधला तरुण मालक मोबाईल घेऊन आला. व्हिडिओत एक नारिंगी रोबो ट्रेमधून जॉब (कामाचा नग) उचलून सीएनसीच्या, म्हणजे संगणकावर चालणाऱ्या मशीनच्या, चकमध्ये (पकडीत) ठेवत होता आणि दार आपोआप लागत होतं. "काका, असं आपल्याकडं बसवायला किती लागतील?" मी उलट विचारलं, "तुझं टॅपिंग मशीन आठ तासांत किती वेळ उभं राहतं?" तो हसला. "उभं कशाला राहील? चालूच असतं की."

आम्ही दोघं त्याच्या शेडमध्ये जाऊन पाऊण तास नुसते बघत बसलो. तेवढ्यात मशीन एकोणीस मिनिटं बंद होतं. कधी जॉबची क्रेट संपली म्हणून, कधी टॅप (भोकात आटे पाडायचं टूल) बदलायला, एकदा तर ऑपरेटर गेज (माप तपासायचं साधन) शोधत होता म्हणून. रोबो बसवला असता तर तोही ती एकोणीस मिनिटं क्रेटची वाट बघत उभा राहिला असता, फक्त हप्ता चालू ठेवून.

पाच ते वीस माणसांचं वर्कशॉप आहे, जॉबवर्क करता आणि आता मशीन 'ऑटो' करायचा विचार डोक्यात आहे, अशांसाठी हे लिहितोय. मी छत्रपती संभाजीनगरजवळच्या वाळूजमध्ये वीसेक वर्षं टर्निंग, ड्रिलिंग, टॅपिंगची कामं करतोय, त्यामुळे उदाहरणं तिथलीच येतील. पण शेंद्रा, चिकलठाणा, जालना, लातूर, नांदेड कुठंही शेड असली तरी हिशोब तोच.

आत्ताच का, असं विचाराल तर गिऱ्हाईक बदलतंय. १९८५ मध्ये बजाजचा कारखाना वाळूजला सुरू झाला आणि दुचाकीच्या पार्ट्सवर इथल्या लहान शेडची एक अख्खी पिढी उभी राहिली. ती पिढी ओळखीवर आणि दरावर चालली. पुढे शेंद्र्याला चारचाकीचे कारखाने आले. आता बिडकीनकडे नजर आहे: टोयोटा किर्लोस्करने जुलै २०२४ मध्ये तिथल्या कारखान्यासाठी राज्य सरकारशी करार केला, एथर कंपनीनेही विजेच्या स्कूटरच्या कारखान्यासाठी हीच जागा निवडली. असली गिऱ्हाइकं दराच्या आधी सायकल टाइम (एका नगाला लागणारा वेळ) विचारतात, रिजेक्शनची नोंद मागतात आणि अमुक जॉब कुठल्या हीटच्या (भट्टीतल्या एका ओतणीच्या) मटेरियलचा, हे सहा महिन्यांनीही सांगता आलं पाहिजे म्हणतात. त्यांच्या थेट ऑर्डरी आपल्याला मिळोत न मिळोत, त्यांच्या सप्लायरच्या सप्लायरपर्यंत हीच भाषा झिरपत येते.

पायरी १: एक मशीन, एक वही, सहा दिवस

अख्खी शेड मोजायला जाऊ नका. सगळ्यात जास्त ओरड ज्या मशीनवर असते ते एकच निवडा. त्याला दोरीनं वही आणि पेन बांधा. पेन दोरीनंच बांधा, नाहीतर दुपारपर्यंत गायब होतं. मशीन दोन मिनिटांपेक्षा जास्त थांबलं की ऑपरेटरनं वेळ आणि कारण लिहायचं. कारणं आधीच ठरवून द्या: जॉब नाही, टूल, सेटिंग, लाईट, मोजमाप, इतर. नाहीतर सगळीकडे 'प्रॉब्लेम' एवढंच लिहिलेलं सापडतं.

मोबाईलच्या स्टॉपवॉचवर एका जॉबचा वेळ दहा वेळा मोजा. ऑपरेटरला सांगून मोजा. चोरून मोजलंत तर पुढचे सहा महिने तो वहीत खरं लिहिणार नाही.

आमच्या एका टॅपिंगच्या जॉबचा हिशोब असा निघाला. शिफ्ट ४८० मिनिटांची, जेवण-चहाची ४५ वजा करून ४३५ मिनिटं. एका जॉबला २० सेकंद, म्हणजे १,३०५ नग व्हायला हवेत. प्रत्यक्षात झाले ८२०, त्यातले चांगले ७९६. कमी पडलेल्या ४८५ नगांचा वेळ १६२ मिनिटं. वहीप्रमाणे ५० मिनिटं जॉबच्या क्रेटची वाट बघण्यात गेली, ४० सेटिंगमध्ये, ३५ टॅप बदलण्यात, १५ लाईट गेल्यामुळे. उरलेली २२ कुणीच लिहिली नव्हती.

चांगले नग भागिले व्हायला हवे होते ते नग: ७९६ भागिले १,३०५, म्हणजे ६१ टक्के. मोठ्या कंपन्यांतले साहेब ज्याला ओईई म्हणतात तो आकडा हाच. त्यांच्याकडे तो उपलब्धता, वेग आणि गुणवत्ता असा तीन भागांत काढतात, पण गुणाकार करून उत्तर हेच येतं. पहिल्यांदा मोजल्यावर आकडा ८० च्या वर आला तर आनंद मानू नका, वही तपासा.

पायरी २: फुकटातलं आधी

वरच्या १६२ मिनिटांतली ५० क्रेटची होती. दोन क्रेट ठेवल्या, एक संपायच्या आत हेल्परनं दुसरी आणायची. खर्च शून्य. टॅप मोडल्यावर बदलण्याऐवजी ठरावीक नगांनंतर जेवणाच्या सुट्टीत बदलायला लागलो. गेज मशीनलाच खिळ्यावर टांगला. एवढ्यानं आमचा आकडा सत्तरीच्या पुढे गेला आणि तोपर्यंत एकही सेन्सर घेतला नव्हता.

पायरी ३: कुठलं काम मशीनच्या हाती द्यायचं

इथं लोक सगळ्यात जास्त चुकतात, म्हणून जरा थांबतो.

बिडकीन पैठणच्याच रस्त्यावर आहे. पैठणला हातमागावर बसलेला विणकर धागा तुटला की लगेच थांबतो, कारण त्याचं बोट आणि डोळा धाग्यावरच असतो. जपानमध्ये साकिची टोयोदांनी १९२४ मध्ये जो स्वयंचलित माग पूर्ण केला, त्यात हेच काम यंत्राला दिलं: ताण्याचा धागा तुटला की माग स्वतःच थांबायचा. मग एकेका मागापाशी एक माणूस उभा करायची गरज राहिली नाही, एकच माणूस अनेक माग सांभाळू लागला. टोयोटा मोटार कंपनी याच घरातून पुढे निघाली आणि 'चूक झाली की यंत्रानं थांबायचं' हा त्यांच्या कारखान्यांचा नियम आजही आहे.

लहान शेडसाठी यातून क्रम निघतो. सगळ्यात आधी यंत्राला थांबायला शिकवा: जॉब उलटा बसला, टॅप मोडला, भोक आधीच्या ऑपरेशनमध्ये पडलंच नाही, तर मशीन चालूच होऊ नये. मग जॉब पकडणं ऑटोमॅटिक करा. मग सायकल. जॉब आत ठेवणं आणि बाहेर काढणं सगळ्यात शेवटी, कारण हात, डोळा आणि अंदाज तिन्ही लागणारं ते काम यंत्राला सगळ्यात महाग पडतं. रोबोचे व्हिडिओ नेमके इथूनच सुरू होतात.

जॉब निवडताना बघायचं ते एवढंच: नग महिन्याला नियमित आहेत का, ड्रॉइंग वरचेवर बदलतं का, आणि ते काम हाताला धोक्याचं किंवा मनगटाचा जीव घेणारं आहे का. महिन्याला दोनशे नगांचा आणि दर दोन महिन्यांनी बदलणारा जॉब असेल तर चांगला माणूसच ठेवा. उलट पॉवर प्रेसवर कुणी हातानं जॉब सरकवत असेल तर नगांचा हिशोब न करता ते काम पहिलं हातावेगळं करा.

इंजिनिअरिंगबाहेरही क्रम हाच दिसतो. लातूरच्या डाळमिलमध्ये कलर सॉर्टर बघा. डाळ पातळ थरानं घसरत खाली येते, कॅमेरा प्रत्येक दाणा बघतो आणि काळपट किंवा सालीचा दाणा दिसला की हवेचा बारीक फवारा नेमका तोच दाणा बाजूला उडवतो. पूर्वी हेच निवडणं बायका सुपानं करायच्या. पण डाळ ओली किंवा धुळकट आली तर तोच कॅमेरा चांगली डाळही फेकतो, म्हणून चांगल्या मिलवाल्यानं सॉर्टरच्या आधी वाळवण आणि सफाई नीट बसवलेली असते. जालन्यात सळ्यांच्या कारखान्यात भट्टीतल्या रसाचा नमुना स्पेक्ट्रोमीटरवर जातो आणि काही मिनिटांत कार्बन, मँगनीज, गंधक किती ते कळतं. माल ओतल्यावर कळून उपयोग नसतो, म्हणून तपासणी ओतण्याआधी. चूक जिथं स्वस्तात पकडता येते तिथं यंत्र आधी, हे दोन्हीकडे सारखंच.

पायरी ४: पहिलं काम हवेवर करा

लहान शेडला पहिल्यांदा झेपतं ते न्यूमॅटिक, म्हणजे दाबाच्या हवेवर चालणारं. कंप्रेसर बहुतेकांकडे असतोच. एक सिलिंडर, विजेनं हवा सोडणारा-थांबवणारा एक सोलेनॉइड व्हॉल्व्ह, हवा गाळून दाब धरणारं एफआरएल युनिट, दोन सेन्सर आणि मशीनचा क्रम चालवणारा एक छोटा कंट्रोलर, म्हणजे पीएलसी, एवढ्यात टॅपिंगचं फिक्श्चर (जॉब धरणारा साचा) जॉब स्वतः पकडतं आणि सोडतं. चार-पाच रिलेंत (विजेवर चालणाऱ्या स्विचांत) भागणारं काम असेल तर पीएलसीचीही गरज नाही. पण पुढे वाढवायचं मनात असेल तर पहिल्यापासून छोटा पीएलसीच घ्या, रिलेच्या वायरींच्या जंजाळात फॉल्ट शोधताना रात्र जाते.

ताकदीचा अंदाज कागदावर घ्या. ५० मिमी बोअरचा सिलिंडर ६ बार दाबावर साधारण १,१७८ न्यूटन देतो, म्हणजे सव्वाशे किलोच्या जवळपास. जॉब पकडायला हे पुष्कळ झालं. बोट चिरडायलाही. म्हणून पहिल्याच दिवसापासून दोन्ही हातांनी दाबायची दोन बटणं लावा, एकमेकांपासून इतकी लांब की एका हाताच्या पंजानं दोन्ही दाबता येऊ नयेत. तरी एखादा शहाणा एका बटणावर लाकडाचा तुकडा अडकवतो, हे मी पाहिलंय. त्यामुळे दोन्ही बटणं अर्ध्या सेकंदाच्या आत एकत्र दाबली तरच सायकल सुरू व्हावी, असं बसवून घ्या. हे मी साध्या फिक्श्चरपुरतं सांगतोय. पॉवर प्रेस असेल तर त्यासाठीचा खास सेफ्टी रिले, गार्ड आणि लाईट कर्टन (हात आत गेला की मशीन थांबवणारा प्रकाशाचा पडदा) जाणकाराकडून बसवून घ्या, तिथं जुगाड नको.

सेन्सर घेताना दोन गोष्टी. सेन्सरचे वायरिंगचे दोन प्रकार असतात, पीएनपी आणि एनपीएन; त्यातला कुठला ते पीएलसीच्या इनपुटशी जुळवून घ्या, नाहीतर सगळी वायरिंग बरोबर असून दिवा लागत नाही आणि तुम्ही सेन्सरला शिव्या देत बसता. दुसरं, प्रॉक्सिमिटी (न शिवता धातू ओळखणाऱ्या) सेन्सरच्या डब्यावरचं अंतर लोखंडासाठी असतं. ४ मिमी लिहिलेला सेन्सर ॲल्युमिनियमचा जॉब त्याच्या निम्म्या किंवा त्याहून कमी अंतरावरच ओळखतो. आपल्याकडं दुचाकीचे बरेच पार्ट ॲल्युमिनियमचे, म्हणून ही गोष्ट आधी माहीत असलेली बरी.

आमच्या पहिल्या फिक्श्चरची गंमत सांगतो. सेन्सर जॉबच्या बरोबर खाली बसवला होता, बघायला छान दिसायचं. पहिल्याच आठवड्यात रात्रपाळीत तीन टॅप मोडले. सकाळी आमचे टॅपिंगवाले मामा म्हणाले, "मालक, ह्ये मशीन जॉब नसला तरी चालू व्हायलंय." वाकून बघितलं तर सेन्सरच्या तोंडावर लोखंडाचा कीस कूलंटसकट (टूल थंड ठेवणाऱ्या तेल-पाण्यासकट) घट्ट चिकटला होता. सेन्सरच्या लेखी जॉब कायम जागेवरच. वाकडा बसलेला असो वा बसलेलाच नसो, मशीन बिनधास्त टॅप खाली सोडत होतं.

दुरुस्ती तीन प्रकारची केली. सेन्सर खालून काढून बाजूला घेतला, जिथं कीस साठत नाही. प्रत्येक सायकलनंतर हवेची एक फुंकर. आणि प्रोग्रॅममध्ये अट घातली: जॉब काढल्यावर सेन्सर एकदा बंद झालाच पाहिजे, मगच पुढचा 'चालू' खरा मानायचा. ही तिसरी अट अर्ध्या ओळीची आहे आणि बनवून देणारे बहुतेक जण ती घालत नाहीत. तुम्ही मागून घ्या.

पायरी ५: जमीन, वीज, ऊन, पाणी

पुण्याच्या प्रदर्शनात मशीन बघितलं की ते एसीत, चकाचक फरशीवर असतं. आपल्या शेडमध्ये ते काळ्या मातीवर, पत्र्याखाली, मे महिन्यात येतं. ऑटोमेशन फसण्याची कारणं इथं प्रोग्रॅममध्ये कमी आणि शेडमध्ये जास्त सापडतात.

आधी अर्थिंग. काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, आतला ओलावा जातो आणि अर्थिंगचा रेझिस्टन्स वाढतो. डिसेंबरात उत्तम असलेलं अर्थिंग मेमध्ये नावापुरतं उरतं. मग ड्राइव्हचं (मोटरचा वेग सांभाळणाऱ्या युनिटचं) कार्ड जातं, पीएलसी मधेच रीसेट होतो, सेन्सर उगाच लपलपतो, आणि आपण सर्व्हिस इंजिनिअरला बोलावून त्याचं जाण्यायेण्याचं भाडं भरतो. सीएनसी आणि पीएलसीच्या पॅनेलला वेगळा खड्डा घ्या, वेल्डिंग मशीनचं अर्थिंग त्याला जोडू नका. न्यूट्रल आणि अर्थमध्ये मल्टिमीटर लावून दर महिन्याला व्होल्टेज वहीत लिहा. दोन-तीन व्होल्टच्या वर जायला लागलं की इलेक्ट्रिशियनला बोलवा. मार्चपासून खड्ड्यात आठवड्याला पाणी घाला. एका मित्राच्या शेडमध्ये वॉचमनच्या कामाच्या यादीत 'शनिवारी अर्थिंगला दोन बादल्या' असं लिहिलेलं आहे.

वीज कमी-जास्त होणं आणि एखादा फेज जाणं नेहमीचं. सर्वो स्टॅबिलायझर मशीनबरोबरच घ्या, 'पुढच्या महिन्यात बघू' म्हणू नका. कंट्रोलरला छोटा यूपीएस असावा. मृगाचा पहिला पाऊस विजांसकट येतो, त्याआधी सर्ज प्रोटेक्शन बसलेलं असावं.

ऊन. बहुतेक ड्राइव्ह ४० अंशांपर्यंतच्या हवेतच पूर्ण ताकद देतात. बाहेर ४२, पत्र्याखाली त्याहून जास्त आणि बंद पॅनेलच्या आत आणखी जास्त, मग दुपारी दोनला ड्राइव्ह ट्रिप होणारच. यावर आपल्याकडचा सर्वत्र आढळणारा इलाज म्हणजे पॅनेलचं दार उघडं आणि समोर टेबलफॅन. त्यानं दोन दिवस बरं वाटतं आणि नंतर धूळ, कूलंटची वाफ, लोखंडाची भुकटी सगळं कार्डांवर बसतं. पॅनेल कूलर परवडत नसेल तर फिल्टर लावलेला पंखा बसवा आणि फिल्टर दर शनिवारी झटका. पत्र्याला पांढरा रंग आणि टर्बो व्हेंटिलेटर यानं मशीनपेक्षा माणसांना जास्त बरं वाटतं, तेही हवंच आहे.

पाणी. बोअरचं पाणी जड असतं. त्यात कूलंट मिसळलं की तेल वेगळं होऊन वर तवंग येतो, टाकीच्या कडेला साबणासारखा थर बसतो, जॉब गंजतात. उन्हाळ्यात टाकीतलं नुसतं पाणी उडून जातं, क्षार मागे राहतात, त्यात पुन्हा बोअरचं पाणी ओतलं की क्षार वाढतच जातात. कूलंटमध्ये भर घालायला आरओचं पाणी वापरा. प्रमाण डोळ्यानं ठरवू नका, ते मोजायचा रिफ्रॅक्टोमीटर हजार-दोन हजारांत मिळतो, साधारण ५ ते ८ टक्क्यांत ठेवा, नेमका आकडा कूलंटच्या डब्यावर असतो. रविवारच्या सुट्टीनंतर सोमवारी शेडमध्ये जो कुजका वास येतो तो साचलेल्या कूलंटमधल्या जंतूंचा. वर तरंगणारं मशीनचं तेल काढून टाकलं की तो बराच कमी होतो.

हवा राहिली. दाबाची हवा फुकट वाटते, पण कंप्रेसरला दिलेल्या विजेतला अगदी थोडा भागच शेवटी कामाला येतो, बाकी उष्णता होऊन जाते. शेड बंद असताना कंप्रेसर चालू करून शांतपणे फिरा, जिथं 'सूंऽऽ' ऐकू येईल तिथं तुमचं वीजबिल गळतंय. पावसाळ्यात टाकीतलं पाणी रोज सोडा, नाहीतर ते थेट व्हॉल्व्हमध्ये जातं.

पायरी ६: मोठं मशीन घ्यायचंच असेल तर तासाचा दर काढा

समजा ३० लाखांचं कर्ज, साडेदहा टक्के, पाच वर्षं. हप्ता महिन्याला साधारण ६४,५०० रुपये. महिन्याचे २६ दिवस, दोन पाळ्या, पाळीला जेवण-चहा सोडून ७ तास धरले तर ३६४ तास. म्हणजे नुसता हप्ता तासाला १७७ रुपये. एकच पाळी चालली तर ३५४. आणि त्या एका पाळीत पायरी १ मधल्यासारखा आकडा ६१ टक्के असेल, तर चांगल्या उत्पादनाच्या प्रत्येक तासावर हप्त्याचेच ५८० रुपये बसतात. वीज, टूल, पगार, भाडं अजून यायचंय. मशीनचा दर करण्यात आठवडा घालवणारा माणूस हा हिशोब पाच मिनिटांचाही करत नाही, याचं मला नवल वाटतं.

सेकंडहँड मशीन वाईट नसतं. पण कंट्रोलरचे सुटे भाग अजून मिळतात का, हे मशीन बघायला जायच्या आधी फोनवर विचारा.

पायरी ७: पीओमध्ये (खरेदीच्या ऑर्डरमध्ये) काय लिहून घ्यायचं

एकदा आम्ही एक खास बनवलेलं मशीन घेतलं, बनवणारी पार्टी बाहेरगावची. वर्षभर छान चाललं. मग जॉब थोडा लांब झाला, स्ट्रोकची (सिलिंडर किती सरकतो त्याची) एक संख्या बदलायची होती. प्रोग्रॅमला पासवर्ड. ज्यानं तो लिहिला तो नोकरी सोडून गेलेला. अकरा दिवस मशीन झाकून ठेवलं, गिऱ्हाइकाला रोज नवं कारण सांगितलं. चूक माझीही होतीच, कारण पीओवर मी फक्त किंमत आणि डिलिव्हरीची तारीख लिहिली होती.

आता लिहितो ते असं: पीएलसी आणि स्क्रीनच्या प्रोग्रॅमची पासवर्डविना प्रत पेनड्राइव्हवर, वायरिंगचं आणि हवेच्या लाइनचं ड्रॉइंग, सुट्या भागांची यादी कंपनीच्या पार्ट नंबरसकट, दोन ऑपरेटरना दोन दिवसांचं ट्रेनिंग. त्यांच्याकडे चाचणी घेताना माझ्याच जॉबचे ३०० नग सलग काढायचे, आणि शेवटचे दहा टक्के पैसे माझ्या शेडमध्ये ठरलेला सायकल टाइम मिळाल्यावर. शेवटच्या अटीवर पार्टी कुरकुरते. कुरकुरू द्या.

सेन्सर, व्हॉल्व्ह, पीएलसी शक्यतो आपल्या शहरात डीलर असलेल्या कंपनीचेच मागा. दोन हजारांनी स्वस्त पण चार दिवसांनी येणारा सेन्सर महागच पडतो.

पायरी ८: पैसा

उद्यम नोंदणी (लहान उद्योगांची सरकारी नोंदणी) नसेल तर आधी ती करा, फुकट आहे, आधार आणि पॅनवर होते. १ एप्रिल २०२५ पासून यंत्रसामग्रीतली गुंतवणूक अडीच कोटींपर्यंत आणि उलाढाल दहा कोटींपर्यंत असलेला उद्योग सूक्ष्म धरतात, म्हणजे आपल्यातले बहुतेक त्यातच.

तारण नसेल तर सीजीटीएमएसई या सरकारी योजनेच्या हमीवर कर्ज मागा. सूक्ष्म आणि लघु उद्योगांसाठी तिची मर्यादा आता दहा कोटी आहे. हमी मिळाली म्हणजे कर्ज माफ असं नाही, आणि बँकेचा मॅनेजर तुमच्या जीएसटीचे आकडे बघणारच. अगदी नवं युनिट टाकत असाल तर पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रमात उत्पादनासाठी ५० लाखांपर्यंतचा प्रकल्प बसतो, अनुदान प्रवर्ग आणि गाव-शहर यानुसार १५ ते ३५ टक्के. राज्याच्या सामूहिक प्रोत्साहन योजनेत सवलती तालुक्याच्या वर्गवारीवर ठरतात, त्यामुळे तुमच्या तालुक्याचं नेमकं जिल्हा उद्योग केंद्रात जाऊन विचारा, मित्राला काय मिळालं त्यावर जाऊ नका. आणि मशीन विकत घ्यायच्या आधी विचारा. झेड या केंद्र सरकारच्या दर्जा-प्रमाणपत्राच्या फीवर सूक्ष्म उद्योगाला ८० टक्के सूट आहे. ब्राँझपासून सुरू करा, नोंदी ठेवायची सवय तुम्हाला पायरी १ मध्ये लागलेलीच आहे.

हप्ता वेळेवर जायचा तर येणं वेळेवर यायला हवं. २००६ च्या एमएसएमई कायद्याप्रमाणे करार असला तरी पैसे ४५ दिवसांत द्यावे लागतात, लेखी करार नसेल तर १५ दिवसांत. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट व्याज. २०२३ च्या वित्त कायद्याने आयकरातही दुरुस्ती झाली, त्यामुळे सूक्ष्म-लघु उद्योगाचं बिल या मुदतीत न देणाऱ्याला तो खर्च पैसे प्रत्यक्ष देईल त्या वर्षीच वजा करता येतो. थकलेल्या बिलांसाठीच्या सरकारी पोर्टलवर तक्रार करणं प्रत्येकाला जमत नाही, गिऱ्हाईक तुटायची भीती असते, मलाही असते. पण बिलावर उद्यम क्रमांक ठळक छापला की मार्चमध्ये समोरच्या अकाउंटंटचा फोन आपणहून येतो.

पायरी ९: माणसं

आपल्याकडची पोरं पेरणीला गावी जातात, दिवाळीला जातात, काहींच्या घरचे ऊसतोडीला गेले की महिनाभर घर सांभाळायला जातात. ऑटोमेशनचं खरं कारण बऱ्याच शेडमध्ये हेच असतं, सायकल टाइम नंतर. पण फिक्श्चर बसलं म्हणून माणूस काढलात तर उरलेले दुसऱ्या दिवसापासून सेन्सरवर कीस टाकायला लागतील, आणि मी त्यांच्या जागी असतो तर मीही टाकला असता. सुरुवातीलाच सांगा की कुणी जाणार नाही, एकाला दोन मशीन आणि वाढीव पगार.

शिकवायला एका तरुणाला पाठवा. चिकलठाण्याच्या इंडो जर्मन टूल रूममध्ये टूल-डाय, सीएनसी आणि ऑटोमेशनचे लहान-मोठे कोर्स चालतात. मोजमापासाठी महागडं यंत्र स्वतः घ्यायच्या आधी वाळूजच्या मराठवाडा ऑटो क्लस्टरमधल्या सामाईक सोयी बघा. मसिआ आणि सीएमआयए या इथल्या उद्योजक संघटनांच्या कार्यक्रमांना जा, भाषणांसाठी नाही तर चहाच्या वेळेसाठी. कुठल्या पार्टीनं कुणाला पासवर्ड दिला नाही हे तिथंच कळतं.

आमचे टॅपिंगवाले मामा दहावी नापास. फिक्श्चर आलं तेव्हा आठ दिवस बोलले नाहीत. मग कुठला सेन्सर कधी अडतो हे त्यांनीच वहीत लिहायला सुरुवात केली, स्वतःच्या खुणा करून: कीस असेल तर फुली, हवा कमी असेल तर गोल. त्या खुणांवरूनच मंगळवारी हवा कमी पडते हे लक्षात आलं. त्या दिवशी मागच्या शेडमध्ये सँडब्लास्टिंग चालायचं आणि आमची दोघांची हवेची लाइन एकच होती. आता लाइन वेगळी केलीय. हातानं चालवायचं जुनं टॅपिंग मशीन मी विकलेलं नाही. नव्या जॉबचे पहिले पाच नग मामा त्यावरच काढतात, टॅप किती जड जातो ते हाताला कळतं म्हणतात, आणि मग फिक्श्चरचा स्पीड स्वतः सांगतात.